हाडांचं पंचांग वेगळं असतं

जून महिन्यातली गोष्ट. वहिनी तरणतलावाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, तोंड लालबुंद, छाती भात्यासारखी चाललेली. पोहून झालं होतं फक्त २५ मीटर. ह्याच बाई दर वर्षी घरापासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत चालत जातात आणि वर पोचल्यावर बाकीच्यांच्या पिशव्याही सांभाळतात. "दमच पुरत न्हाई बघ," त्या मला म्हणाल्या. "त्रेचाळीस वय झालं, आता कुठलं ट्रायथलॉन!" पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ एक करायची ही स्पर्धा त्यांनी डिसेंबरासाठी मनावर घेतली होती.

दम पुरत होता, तो अडकत होता. पाण्यात डोकं घातलं की वहिनी श्वास कोंडून धरायच्या आणि मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात आधीचा सोडून नवा घ्यायची धडपड करायच्या. तेवढ्यात जुनी हवा निम्मीही बाहेर पडत नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून, असा आपला समज असतो. खरं तर मेंदूचं लक्ष मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर असतं. तो साठला की मेंदू घंटा बडवायला लागतो, मग रक्तात ऑक्सिजन भरपूर का असेना. वहिनींना गुदमरल्यासारखं होत होतं ते यामुळे. त्यांना हवा कमी पडत नव्हती, वापरलेली हवा बाहेर जात नव्हती.

उपाय फुकटचा होता. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. आठवडाभर वहिनी न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून "हूंऽऽ" करत होत्या आणि माझा भाचा दाराबाहेर हसून लोळत होता. नवव्या दिवशी त्या न थांबता १०० मीटर पोहल्या. या नऊ दिवसांत त्यांचं हृदय मोठं झालं नव्हतं की दंडात बळ आलं नव्हतं. शरीर होतं तेच राहिलं, फक्त एक खोड सुटली.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात कुणी नवीन काही करायला घेतलं की मला वही काढायची हौस. पुढचे सहा महिने मी वहिनींवर नजर ठेवून होते. तेव्हा लक्षात आलं की 'सराव' हा एक शब्द आपण उगाच एका गोष्टीसाठी वापरतो. शरीरात पाच-सहा वेगवेगळे कारखाने आहेत आणि प्रत्येकाचं पंचांग निराळं. कुणी आठवड्यात माल काढतो, कुणी चार महिन्यांनी. घोटाळे होतात ते वेगवान कारखाना संथ कारखान्याला मागे टाकून पुढे गेला की.

वहिनींनी धरलेलं अंतर होतं 'स्प्रिंट' : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, एकापाठोपाठ एक. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट असतं आणि तिथं हा खेळ सन २००० मध्ये सिडनीला पहिल्यांदा आला. गोव्यात मिरामारला २०१९ पासून होणारी ती मोठी स्पर्धा आणखीच लांबलचक, तिच्यात नुसती सायकलच ९० किलोमीटर. तिच्या वाटेला वहिनी गेल्या नाहीत, हे बरंच केलं.

आधी रक्ताचं सांगते, कारण तिथं सगळं घर घाबरलं. जुलैत वहिनींनी हिमोग्लोबिन तपासलं तर ११.४. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. आणि गंमत म्हणजे सराव सुरू करायच्या आधीचा आकडा १२ च्या वर होता. दादा लगेच म्हणाला, "बघ, व्यायामानं रक्त कमी झालं."

रक्त कमी झालं नव्हतं, पातळ झालं होतं. नियमित दमाचा व्यायाम सुरू केला की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. तांबड्या पेशी बनवायला मात्र शरीराला काही आठवडे ते महिने लागतात. मधल्या काळात आमटी तेवढीच आणि पाणी वाढवलेलं, अशी अवस्था असते. हा पातळपणा उपयोगाचाच : हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकललं जातं, शिवाय उकाड्यात घामासाठी पाण्याची शिल्लक हाताशी राहते. उन्हात सराव केला की दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, तोही याच मालिकेतला बदल.

पण सगळंच खापर प्लाझ्मावर फोडून चालणार नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला होता. त्यामुळे डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. हा शरीराच्या लोहाच्या कोठाराचा हिशेब. कोठार जवळपास रिकामं निघालं. दमाचा व्यायाम झाल्यावर तीन ते सहा तासांनी यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत यायचा दरवाजा लोटून घेतं. त्यात वहिनी पहाटे पळून यायच्या, दहाला भाकरी-मेथी खायच्या आणि त्यावर लगेच कपभर चहा. चहातले टॅनिन उरलंसुरलं लोह पकडून ठेवायचे. चहा दोन तास पुढे ढकलणं हा त्या सहा महिन्यांतला सर्वांत मोठा त्याग होता, असं त्या अजून सांगतात.

स्नायूंचं पंचांग आठवड्यांचं. पोटरीच्या, मांडीच्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाच्या इवल्या भट्ट्या असतात, त्यात साखर आणि चरबी ऑक्सिजनवर जळते. १९६७ मध्ये जॉन हॉलोझी या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांना बारा आठवडे धावपट्टीवर पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या या भट्ट्यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. त्याआधी सगळं श्रेय हृदय आणि फुप्फुसांना दिलं जायचं. आणि या भट्ट्या वाढवायला जीव काढून पळावं लागत नाही. शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगानं तासभर गेलं तरी काम होतं. वहिनींना हे फारच मानवलं. रंकाळ्याच्या काठानं त्या आणि त्यांच्या बँकेतली मैत्रीण पळत नव्हत्या, पळता पळता बोलत होत्या.

सायकलचं थोडक्यात सांगते. दादा कार्बनची महागडी सायकल बघून आला होता. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर जायचं तर हवा कापायला सव्वातीन पटींहून जास्त ताकद लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पण हवेचा बहुतेक विरोध सायकलीला होत नाही, तिच्यावर ताठ बसलेल्या माणसाला होतो. कोपरं वाकवून थोडं खाली झुकायचे पैसे पडत नाहीत. सायकल जुनीच राहिली.

सायकलवरून उतरून लगेच धावणं हा या खेळातला खास प्रकार. सराव करणारे त्याला 'ब्रिक' म्हणतात, आणि पहिल्यांदा केलं की पाय खरोखर विटेसारखे होतात. शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर वहिनी सायकल माझ्या हातात देऊन बूट बदलून पळायला लागल्या आणि वीस पावलांवर थांबून खाली बघायला लागल्या. "हे पाय माझे न्हाईत गं!" सायकलवर कंबर वाकलेली, पाय गोल फिरणारा, अंगाचं वजन खोगिरावर. धावताना कंबर सरळ, वजन पायांवर, आणि प्रत्येक पावलाला पोटरी आधी ताणली जाऊन मग आखडते. चेतासंस्था मात्र अजून आधीच्या तालात असते. ढोलपथकातून उतरून थेट भजनाला बसल्यासारखं. बरी गोष्ट एवढीच की हे शिकणंही त्या बुडबुड्यांच्याच जातीचं, लवकर जमणारं. चार-पाच रविवारांत पाय परत वहिनींच्या मालकीचे झाले.

आणि मग, सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच, सातव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली.

माझ्या मते वहिनींच्या गोष्टीत खरं विज्ञान सुरू होतं ते इथं. त्यांना दम लागत नव्हता, झोप गाढ लागत होती, घड्याळातला वेग वाढत होता. म्हणून त्यांनी धावणं एकदम आठवड्याला १२ किलोमीटरवरून २२ वर नेलं. फुप्फुसांनी हो म्हटलं, हृदयाने हो म्हटलं, स्नायूंनीही. हाडाला कुणी विचारलंच नाही.

हाड दगडासारखं मेलेलं नसतं. त्याच्यावर नवा भार पडला की आधी एक टोळी येऊन जुना, थकलेला भाग कुरतडून काढते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसरी टोळी ती पोकळी नव्या हाडाने भरते, आणि तिला तीन-चार महिने लागतात. रस्ता खोदायची निविदा लगेच निघते आणि डांबर पडायला दिवाळी उजाडते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणजे सराव सुरू झाल्यावर काही आठवडे हाड आधीपेक्षा किंचित कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत माणसाला आपण वाघ झालो असं वाटत असतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून वर येतो. एका किलोमीटरला हजारभर पावलं. गुणाकार तुम्हीच करा.

नडगी सगळीकडून ठणकत असेल तर बहुधा हाडावरचं आवरण आणि आजूबाजूचे स्नायू कुरकुरत असतात. पण दुखणारी जागा एका बोटाने दाखवता आली, तर हाडाला बारीक चीर पडत असल्याचा संशय घ्यावा. वहिनींनी एक बोट ठेवलं. एमआरआयमध्ये चीर नव्हती, पण तिथलं हाड सुजलेलं होतं. सहा आठवडे धावणं बंद.

दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळे सांगतात. मीही सांगत होते. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर याची रीतसर चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आला. हळूहळू वाढवणारा गट आणि जरा झपाट्याने वाढवणारा गट, दोन्हींत दुखापती जवळपास सारख्याच, पाचांतल्या एकाला. म्हणजे दहाच्या आकड्यात जादू नाही. वहिनींनी केली तशी जवळपास दुप्पट वाढ मात्र कुठल्याच नियमात बसत नाही. शिवाय डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला तो मला सुचला नव्हता : "पाळी नियमित आहे का?"

नव्हती. दोन महिने चुकली होती आणि वहिनींनी ती वयाच्या खात्यावर लिहून टाकली होती. श्रावण सुरू होता. सोमवार, शनिवार, मध्ये संकष्टी. बाकीचं घर उपासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी चापतं, त्यात उष्मांकांची काही कमी नसते. वहिनींचा उपास मात्र चहा आणि एक केळं असा कडक, आणि त्याच दिवशी सकाळी सायकलवर दीड तास. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा सतत कमी पडली की ते एकेक खर्च बंद करतं. प्रजननाचा आधी. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, आणि हाड कुरतडणाऱ्या टोळीला आवरणारं तेच असतं. या सगळ्या साखळीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये एक स्वतंत्र नाव दिलं, मराठीत 'खेळातली सापेक्ष ऊर्जातूट' म्हणता येईल. नाव भारदस्त असलं तरी अर्थ साधा आहे : हाडं भरायला पैसे उरले नाहीत. देव सोडायला कुणी सांगितलं नाही. उपासाच्या दिवशी सराव नाही आणि राजगिऱ्याचे लाडू भरपूर, एवढ्यावर तडजोड झाली. नवरात्राच्या सुमारास पाळी परत सुरू झाली.

ते सहा आठवडे वाया गेले नाहीत, आणि तीन खेळ एकत्र असण्याचा हा फायदा मला आधी उमगला नव्हता. रक्त ढकलताना आपण पाण्यात आहोत की रस्त्यावर, हे हृदयाला फारसं कळत नाही. पोहणं आणि सायकल चालू राहिली म्हणून हृदय शाबूत राहिलं, आणि पाठीमागे हाड आपल्या गतीने डांबर टाकत बसलं.

डिसेंबरातल्या एका थंड सकाळी वहिनी राजाराम तलावात उतरल्या. पाणी हवेपेक्षा ८०० पट दाट, तळ दिसत नाही, भिंत धरायला नाही. पहिल्या पन्नास मीटरला त्यांनी पुन्हा श्वास कोंडला, मग बादली आठवली. एक तास ५४ मिनिटांनी त्या फिनिशवर आल्या, शेवटून सातव्या.

घरी येताना गाडीत त्या टाच चोळत होत्या. मी सांगितलं, टाचेमागच्या त्या जाड शिरेचं, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणाऱ्या स्नायुबंधाचं, तर पंचांगच नाही. १९५५ ते ६३ मधल्या अणुबॉम्ब चाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला होता, नंतर तो उतरत गेला. तो धान्यात आला, धान्यातून माणसात. शरीरातला एखादा भाग कुठल्या काळात घडला, हे त्याच्या प्रमाणावरून ओळखता येतं. २०१३ मध्ये डॅनिश संशोधकांनी मृत व्यक्तींच्या टाचेच्या स्नायुबंधांचा गाभा तसा तपासला. त्यातला कार्बन वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतल्या हवेशी जुळला. त्यानंतर तो गाभा जवळजवळ बदललेलाच नव्हता. वहिनींचा जन्म १९८२ चा. म्हणजे आज जिच्यावर त्या ५ किलोमीटर पळाल्या, ती शीर गडहिंग्लजच्या शाळेत खो-खो खेळत होत्या तेव्हा बनलेली.

वहिनींनी जरा विचार केला. "म्हणजे आईच्या भाकरीवर पळालो म्हण की." (कोल्हापुराकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.) मग दादाला म्हणाल्या, गाडी कुठंतरी चहाला थांबव, दोन तास होऊन गेलेत.