बीडीडी चाळी (मुंबई)

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या सरकारी खात्याने १९२० च्या दशकात कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. वस्तीच्या रचनेचा माणसांच्या जगण्यावर कसा परिणाम होतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण मुंबईत क्वचितच सापडेल.

प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० आणि चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. चाळ म्हटलं की आपल्याला बाहेरची उघडी गॅलरी आठवते पण इथे तसं नाही, मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूला समोरासमोर खोल्या आणि संडास कॉमन. खोलीला खिडक्या एकाच अंगाला, त्यामुळे हवा खेळायला हवी तर दार उघडं टाकावंच लागतं, आणि दार उघडं म्हणजे समोरच्या घरात आज काय शिजतंय, कोण आजारी आहे, कोणाचं भांडण झालंय हे सगळं आपोआप कळतं. शेजारधर्म वगैरे नंतर, आधी उकाडा! अर्थात संडासाची रांग आणि नवीन जोडप्यांची कुचंबणा हेही त्याच नकाशातून आलेलं, चाळीच्या आठवणी काढताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

जागेची निवडही महत्त्वाची. वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या, कारण तेव्हा वरळी गिरण्यांपासून आडबाजूला, जवळ धड बाजार नाही आणि कामगाराला भोंग्याला चालत पोचायचं असायचं. १९३० च्या कायदेभंगात तर तिथल्या काही चाळी चक्क तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. पुढे शहर वाढलं, बस आली आणि तीच वरळी मोक्याची ठरली.

आता म्हाडाकडून पुनर्विकास सुरू आहे, १६० च्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, टॉवर ४० मजली. स्वतःचा संडास, उजेड, वारा, लिफ्ट, हे मोठंच सुख आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण दार उघडं ठेवायची गरज संपली, शेजारी भेटणार तो लिफ्टमध्ये. शिवाय टॉवरखाली पार्किंगचे मजले आलेत, म्हणजे जिथे पिढ्यानपिढ्या लोक पायी नाहीतर बेस्टच्या बसने गेले तिथे गाडी घ्यायचं निमित्त बिल्डिंगनेच पुरवलंय.