वाय-फाय गेलं म्हणून टॅब तांदळात ठेवू नका

पावसाळा आला की कोकणात एक सल्ला हमखास फिरतो: टॅबचं वाय-फाय सारखं तुटतंय म्हणजे दमट हवा आत शिरली, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा.

सल्ला पटतो, कारण दमटपणाचा त्रास इथे खराच आहे. पण बंद उपकरणाच्या आतली ओल तांदूळ ओढून घेत नाही; उलट पीठ आणि कणी चार्जिंगच्या खाचेत अडकते. सकाळी वाय-फाय लागतं ते बहुतेकदा टॅब रात्रभर बंद राहून नव्याने सुरू झाल्यामुळे.

पडताळा सोपा आहे. त्याच जागी दुसरा फोन जोडून पाहा. त्याचंही वाय-फाय तुटलं तर दोष राउटरचा किंवा मधल्या भिंतीचा. चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जास्त अडवते, म्हणून राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. फक्त टॅबच तुटत असेल तर राउटरपासून २ मीटरवर न्या. तिथे नीट चालला, तर आतली अँटेनाची तार सैल असू शकते. तिथेही तुटला, तर साठवलेलं नेटवर्क काढून पासवर्ड पुन्हा टाका; तरीही नाही जमलं तर नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. रीसेटने फोटो पुसले जात नाहीत, वाय-फायचे सगळे पासवर्ड मात्र पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा.

वाय-फायचं बटण करडं पडून दाबलंच जात नसेल, तर बिघाड बहुधा आतल्या चिपचा. खाऱ्या हवेने जोडणीवर चढलेला गंज तांदळाने निघत नाही. दुरुस्तीवाल्याला टॅब उघडून हा गंज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो.