थंड मुलखातलं काचघर आणि कोकणातली पडवी: घरातल्या ऑर्किडची पार्श्वभूमी

रत्नागिरी-कणकवलीकडच्या रोपवाटिकांत हल्ली फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी सहज मिळते. वास्तुशांतीला, वाढदिवसाला भेट म्हणूनही ती घरी येते. फुलं दोन-अडीच महिने टिकतात. ती गळली की घरातलं कुणीतरी मोबाईलवर निगेची माहिती शोधतं: कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेली बशी ठेवा, पानांवर रोज फवारा मारा, वाऱ्याच्या झोतापासून जपा. डिसेंबरात हे सगळं चालून जातं. आषाढातही तोच क्रम ठेवला, तर श्रावण लागेपर्यंत रोपाचा गाभा कुजलेला असतो. यात निगा राखणाऱ्याचा दोष नाही. हे सल्ले हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडणाऱ्या घरांसाठी तयार झाले आणि ते घडत गेले दोनशे वर्षांत, आपल्या किनाऱ्यापासून फार दूर.

कोकणाला ऑर्किड नवं नाही. आंबा-फणसाच्या जुन्या फांद्यांवर सीतेची वेणी वाढते. पावसाच्या तोंडावर तिचे तुरे लोंबू लागतात. पांढरट पाकळ्या, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि एका तुऱ्यात दाटीने बसलेली कितीतरी फुलं. डेंड्रोबियम बार्बाट्यूलमची तऱ्हा वेगळी. पाऊस संपला की ते पानं झाडून टाकतं आणि ऐन कोरड्या दिवसांत उघड्या दांड्यांवर पांढरी फुलं काढतं. ही फांदीवरची ऑर्किडं झाडातून अन्न शोषत नाहीत, त्यांना फक्त आधार हवा असतो. चार महिने धो धो पाऊस आणि पुढे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे, या चक्राला ती सरावलेली आहेत.

पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑर्किडांची जुनी सचित्र नोंद डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याच्या ‘होर्टस मलाबारिकस’ या ग्रंथात सापडते. 1678 ते 1693 या काळात आम्सटरडॅममध्ये त्याचे 12 खंड निघाले. काम झालं कोचीला, पण त्यात कोकणी माणसांचा हात होता, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याची मला हळहळ वाटते. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी वनस्पतींची माहिती पुरवली. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढे 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने सीतेच्या वेणीला शास्त्रीय नाव दिलं, तेही रीडच्या ग्रंथाच्या आधारे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ 1861 मध्ये आला, तर फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं केवळ इथल्या ऑर्किडांना वाहिलेलं पुस्तक 1966 मध्ये.

ऑर्किड छपराखाली वाढवायचा खटाटोप मात्र इंग्लंडात सुरू झाला. विल्यम कॅटलीच्या काचघरात 1818 मध्ये ब्राझीलहून आलेलं रोप फुललं. त्याच्याच नावावरून त्या प्रजातीला कॅटलिया नाव पडलं आणि श्रीमंतांत ऑर्किडांची ओढ लागली. जहाजं भरभरून रोपं येऊ लागली, आणि बहुतेक मेली. उष्ण प्रदेशातली झाडं म्हणजे त्यांना उष्मा, सावली आणि ओल हवी, अशी पक्की समजूत होती. बॉयलर पेटवायचे, खिडक्या घट्ट लावायच्या आणि रोपं मातीत किंवा पालापाचोळ्याच्या खतात लावायची. बंद, वाफाळलेल्या खोलीत ती सडत गेली.

हे का झालं ते ऑर्किडचं एक मूळ हातात घेतलं की कळतं. कोरडं असताना ते रुपेरी-राखाडी दिसतं, पाणी पडताच हिरवं होतं. मुळाभोवती मृत पेशींचा जाडसर, सच्छिद्र थर असतो. तो पाणी झटकन ओढून घेतो आणि वाऱ्यावर लवकर सुकतोही. हे सुकणं त्याला पिण्याइतकंच लागतं. डेव्हनशरच्या ड्यूककडे माळीकाम पाहणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने 1830 च्या दशकात वेगवेगळ्या तापमानाची काचघरं ठेवली, हवा खेळती केली, आणि रोपं जगू लागली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते.

तरीही रोपं येत होती ती जंगलातूनच. दक्षिण अमेरिकेत फांद्यांवरची ऑर्किडं काढण्यासाठी हजारो झाडं आडवी झाली. बियांपासून रोपं करणं अवघड होतं, कारण एका शेंगेत धुळीसारख्या लाखो बिया असल्या तरी त्यांत अन्नाचा साठा नसतो. जॉन डॉमिनीने तयार केलेला पहिला संकर 1856 मध्ये फुलला, पण बिया कशाच्या बळावर रुजतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नारने दाखवलं की निसर्गात एक बुरशी बीमध्ये शिरून तिला पोसते. मग 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या अगार या जेलीसारख्या पदार्थावर काचेच्या बाटलीत बिया रुजवल्या. 1960 मध्ये जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून रोपं वाढवली, आणि एकाच रोपाच्या हजारो हुबेहूब प्रती करण्याची वाट खुली झाली. राजेरजवाड्यांची चैन कुंडीत बसून बाजारात आली ती या बाटलीमुळे.

घरासाठी निवड झाली फॅलेनॉप्सिसची. माणसाला बरं वाटतं तेच तापमान त्याला मानवतं, आणि खिडकीतला मंद उजेडही पुरतो. तैवान आणि नेदरलँड्समध्ये त्याचं प्रचंड उत्पादन होतं, तेही यंत्राने राखलेल्या हवेत. फुलांचा दांडा काढायला त्याला काही आठवडे साधारण 25 अंशांखालची हवा लागते. 28 च्या वर तापमान राहिलं की नुसती पानं येतात. म्हणून कोकणात मे महिन्यात दांड्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. थंडी पडू लागली की रात्री खिडकीजवळची जागा द्यावी.

जंगली रोपांचा मात्र मोह आवरावा असं मी कळकळीने सांगेन. सालीला घट्ट चिकटलेली मुळं खरवडताना तुटतात, आणि अशी रोपं बहुधा घरात टिकत नाहीत. सबंध ऑर्किड कुळ 1975 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली आहे. सीतेची वेणी हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं रोप मागून घ्यावं आणि ते खोलीत न ठेवता पडवीत टांगावं.

राहिला कुंडीतला शेवाळाचा गोळा. बाहेरून येणारी फॅलेनॉप्सिसची रोपं बहुधा स्फॅग्नम शेवाळात घट्ट बांधलेली असतात. उत्पादकाला ते सोयीचं, कारण प्रवासात ओल टिकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की तो गोळा आतून सुकतच नाही. फुलं गळल्यावर, शक्यतो मृग लागायच्या आत, शेवाळ सोडवून काढावं, काळी-मऊ पडलेली मुळं स्वच्छ कात्रीने छाटावीत, आणि कोळशाचे खडे व नारळाच्या सोडणाचे भिजवून धुतलेले तुकडे घालून भोकाभोकांच्या कुंडीत रोप बसवावं. पाऊसकाळात फवारा बंद, बशी बाजूला, आणि पंख्याचा हलका वारा फिरता. पाणी द्यायचं ते मुळं पुन्हा रुपेरी दिसल्यावर, सकाळी, पानांच्या बेचक्यात थेंब साचू न देता.