बर्फाळ डोंगरातली दारं-खिडक्या: बदलांमागचा इतिहास

उंच, बर्फाळ भागातल्या जुन्या घराच्या खिडक्या काढून नव्या बसवल्या की पहिला हिवाळा सुखाचा जातो. गार वारा थांबतो, इंधन कमी लागतं. तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात सुरू होतात. दोन काचांच्या आत धुकं धरतं, चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि हिवाळा संपता संपता दार चौकटीत घासायला लागतं. दोष सहसा कारागिराच्या माथी मारला जातो. माझ्या मते तो पुष्कळदा त्याचा नसतो. आज मिळणारी खिडकी सखल प्रदेशासाठी घडत आली आहे, आणि जुनी डोंगरी खिडकी जी कामं गुपचूप करायची त्यांची नोंद कुणी ठेवलेली नसते. म्हणून आधी त्या जुन्या खिडकीकडे बघू.

स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यातली घरं त्यासाठी चांगली. खालच्या एंगाडीनमधली बरीच गावं १६२१-२२ च्या सुमाराला ऑस्ट्रियन सैन्यानं जाळली आणि पुढे ती नव्यानं उभी राहिली. या घरांच्या दगडी भिंती अतिशय जाड, आणि खिडक्या भिंतीच्या मानानं अगदी छोट्या. मात्र भोक छोटं असलं तरी त्याच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, त्यामुळे कमी कोनातून येणारा हिवाळी प्रकाशही चौकटीपर्यंत पोचतो. चौकट खोल बसल्यामुळे तिला वारा आणि उडतं बर्फ थेट लागत नाही. आत लाकडानं मढवलेली एकच खोली गरम ठेवायची, बाकीचं घर थंड राहिलं तरी चालेल, असा सगळा हिशोब.

लडाखमध्ये उत्तर वेगळं निघालं. तिथं बर्फ त्या मानानं कमी पडतं, पण लेहची उंची साधारण ३,५०० मीटर आणि ऊन भरपूर. तळमजला जनावरांसाठी, जवळजवळ बंद. वरच्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड केलेल्या मोठ्या लाकडी खिडक्या, बाहेर झुकलेले सज्जे. उत्तरेच्या भिंतीला शक्यतो भोकच नाही. भिंत कुठं फोडायची आणि कुठं मुळीच फोडायची नाही, हा निर्णय दोन्हीकडे काचेच्या कितीतरी आधी झालेला होता. काच तर उशिरा आली. त्याआधी तेल लावलेलं कापड, चामड्याचा पातळ पापुद्रा, रशियात अभ्रकाचे पत्रे, किंवा नुसतीच लाकडी झडप, यावर भागवलं जाई.

काच आली तशी तिची पहिली मोठी अडचणही आली. खोलीत २० अंश आणि बाहेर उणे १० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याच्याही खाली, उणे २ च्या आसपास जातो. माणसांच्या श्वासाची, चुलीवरच्या पाण्याची वाफ तिथं गोठून बर्फ होते आणि सकाळी वितळून खालच्या लाकडात मुरते. जुन्या खिडक्यांचा खालचा दांडा आधी कुजतो तो यामुळेच. यावर आल्प्समध्ये आणि मध्य युरोपात निघालेला तोडगा म्हणजे हिवाळी खिडकी. शरद ऋतूत मूळ खिडकीच्या बाहेर काच बसवलेली दुसरी झडप टांगायची आणि वसंतात उतरवून माळ्यावर ठेवायची. सुतारानं प्रत्येक भोकाच्या मापानं वेगळी झडप केलेली असे, म्हणून झडपेवर आणि चौकटीवर एकच आकडा कोरायची पद्धत. एकोणिसाव्या शतकात शहरांत या दोन्ही झडपा एकाच पेटीसारख्या चौकटीत कायमच्या बसल्या.

या जोडखिडकीतली बारकाई मला फार मोलाची वाटते. आतली झडप घट्ट बसवायची, फटी लोकरीनं किंवा कागदाच्या पट्टीनं बुजवायच्या. बाहेरची मात्र मुद्दाम थोडी सैल ठेवायची. आतून निसटलेली वाफ दोन झडपांमधल्या जागेत आली तरी बाहेरच्या फटींतून निघून जाते, बाहेरच्या काचेवर गोठून बसत नाही. दोन्ही झडपा सारख्याच घट्ट केल्या तर मधली जागा ओलसर होते. मध्ये शेवाळाची किंवा कापसाची गादी ठेवत, ती वारा अडवी आणि ओलही शोषून घेई. रशियात त्या कापसासोबत मिठाची वाटीही ठेवलेली असायची. ओलीला बाहेर जायची वाट ठेवायची, हा नियम नव्या खिडक्यांच्या गडबडीत सगळ्यात आधी विसरला गेला.

१८६५ या वर्षात दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या. फेब्रुवारीत क्षयाचे दोन रुग्ण भर हिवाळ्यात उपचारासाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला पोचले. अलेक्झांडर श्पेंगलर हा तिथला डॉक्टर उंचावरच्या हवेचा पुरस्कर्ता होता, आणि पुढच्या काही दशकांत १,५०० मीटरवरचं ते गाव आरोग्यधामांनी भरून गेलं. रुग्णाला ऊन आणि हवा हवी, म्हणून बर्फाळ उंचीवर प्रथमच मोठमोठ्या खिडक्या आणि सज्ज्यांची दारं दक्षिणेकडे उघडली. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस स्टेट्सननं दोन काचांच्या कडा सांधून मध्ये हवा कोंडण्याचं पेटंट घेतलं. मोठी काच ही गरज आणि सीलबंद जोडकाच हे उत्तर, दोन्ही एकाच वर्षी जन्मली. पण त्यांची गाठ पडायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली, कारण कडांचं सील टिकत नव्हतं. १९३० च्या दशकात सी. डी. हेवन यांनी काच आणि धातू सांधायची रीत काढली आणि तिच्यावर आधारलेली ‘थर्मोपेन’ काच बाजारात आली. १९५९ मध्ये अॅलिस्टर पिल्किंग्टन यांची वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची पद्धत जाहीर झाली आणि सपाट मोठी काच स्वस्त झाली.

आता उंचीचा मुद्दा. जोडकाच जिथं सीलबंद होते, तिथल्या हवेचा दाब तिच्या पोटात कायमचा कोंडला जातो. समजा कारखाना ५०० मीटरवर आहे. तिथला दाब साधारण ९५५ हेक्टोपास्कल. तीच काच २,५०० मीटरवर नेली की बाहेरचा दाब ७४७ वर येतो. काच मुळीच वाकली नसती, तर दर चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जोर आतून बाहेर लागला असता. काच वाकते म्हणून निभावतं. १६ मिलिमीटरच्या पोकळीतला वायू सव्वापटीहून थोडी जास्त जागा मागतो, म्हणजे दोन्ही काचा सरासरी दोन मिलिमीटरच्या वर फुगतात आणि मधोमध त्याहूनही अधिक. बाहेरून बघितलं तर समोरच्या डोंगराचं प्रतिबिंब वाकडं दिसतं.

यात लहान खिडकी जास्त हाल सोसते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. मोठी काच सहज वाकते आणि दाब उतरतो. लहान काच ताठ असते, दाब तसाच राहतो आणि सगळा ताण कडेच्या सीलवर किंवा खुद्द काचेवर येतो. जुन्या डोंगरी घरांच्या खिडक्या तर लहानच! तिहेरी काचेत दोन पोकळ्या असल्यामुळे ताण आणखी वाढतो. सील एकदा दमलं की ओल आत शिरते, आणि सुरुवातीला सांगितलेलं धुकं तिथून येतं.

यावर जुना उपाय म्हणजे दोन काचांमधल्या पट्टीतून काढलेली बारीक धातूची नळी. ती प्रवासात उघडी राहते, दाब सारखा होतो, आणि मुक्कामी पोचल्यावर तिचं तोंड दाबून बंद करतात. पण पोकळीत हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेणारा आर्गॉन वायू भरला असेल तर तो याच नळीतून निघून जातो, आणि आर्गॉनचे पैसे मोजून ग्राहकाला साधी हवा मिळते. आता काही कारखाने नेमकी उंची विचारून पोकळीत आधीच कमी दाब ठेवून सील करतात. म्हणून मागणी नोंदवताना घराची उंची लिहून देणं मापांइतकंच गरजेचं आहे. वाटेत याहून उंच खिंड ओलांडायची असेल, तर तिचीही उंची लिहावी.

चौकटींचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९५० च्या दशकात जर्मनीत पीव्हीसीच्या चौकटी आल्या. रंगरंगोटीची कटकट गेली. अॅल्युमिनियमच्या चौकटी बारीक आणि टिकाऊ, पण त्यातून उष्णता लाकडाच्या हजारपटीनं पळते, म्हणून आतला आणि बाहेरचा भाग प्लॅस्टिकच्या पट्टीनं तोडावा लागला. पट्टी नसलेली अॅल्युमिनियम चौकट बर्फाळ गावात वाफ गोठून आतून पांढरी होते. पीव्हीसीला दोन त्रास आहेत. दोन मीटरचा तुकडा ५० अंशांच्या फरकात सात-आठ मिलिमीटर लांबतो-आखडतो, आणि उन्हातले अतिनील किरण दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. ताजं बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परतवून पुन्हा चौकटीवरच टाकतं. सिलिकॉनेतर स्वस्त भरणं आणि वॉर्निश इथं लवकर जळतात.

आज खिडक्या बदलायची जी लाट दिसते, तिची सुरुवात १९७३ च्या तेलसंकटात आहे. इंधन महागलं आणि सरकारांना खिडकी आठवली. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत उष्णता परतवणाऱ्या अदृश्य लेपावर काम झालं आणि १९८० च्या दशकात लेपाच्या काचा बाजारात आल्या. आधीच्या उदाहरणातलाच (आत २० अंश, बाहेर उणे १०) हिशोब पुढे न्यायचा तर साध्या जोडकाचेचा आतला पृष्ठभाग ९ अंशांवर राहतो, लेप आणि आर्गॉनवाल्या काचेचा १५ च्या पुढे, चांगल्या तिहेरीचा १७ च्या वर. यातला ९ चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत दव पडायला सुरुवात होते ती जवळपास तिथंच. १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाट इथं वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकारानं पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी थोड्या इंधनावर ऊबदार राहणारं घर, उभं राहिलं आणि तिहेरी काच ही थंड प्रदेशातली नेहमीची गोष्ट होऊ लागली.

काच गरम झाली, फटी बुजल्या, पण वाफ घरातच राहिली. पूर्वी ती सैल खिडकीतून निघून जाई आणि उरलेली काचेवर गोठे. आता घरातली सगळ्यात थंड जागा काच राहिली नाही. तो मान खिडकीशेजारच्या जाड, विनाआवरण दगडी कडेला मिळाला. बुरशी तिथंच धरते. आणि याहून गंभीर गोष्ट म्हणजे शेगडी. लाकडावर किंवा कोळशावर पेटणाऱ्या शेगडीला लागणारी हवा जुन्या खिडक्यांच्या फटींतून येत होती. खिडक्या हवाबंद केल्या आणि शेगडीला बाहेरून वेगळी हवा दिली नाही, तर धूर उलटतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचू शकतो. खिडक्या बदलायचा विचार होतो त्याच दिवशी शेगडीचा विचार झाला पाहिजे, इथं मी मुळीच तडजोड करणार नाही.

दारांच्या बाबतीत जुन्या लोकांनी ठरवलेलं आजही बदललेलं नाही: बर्फाच्या गावात घराचं दार आत उघडतं. रात्रीत बाहेर कमरेएवढं बर्फ साचलं तर बाहेर उघडणारं दार हलतच नाही. आडव्या दोन भागांचं दार असेल तर वरचा भाग उघडून फावड्यानं बर्फ ओढता येतं. उंच उंबरठा वितळलेलं पाणी अडवतो. दार आत उघडत असल्यामुळे पाऊस-बर्फाचं पाणी त्याच्या खालून शिरू पाहतं, म्हणून नव्या दारात खालच्या कडेला पाणी बाहेर फेकणारी पट्टी आणि उंबरठ्याखाली बाहेर उतार असलेला पत्रा लागतोच.

दार घासण्याचं मूळ मात्र वर असतं. बसून घट्ट झालेलं बर्फ घनमीटरला ३०० किलोच्या घरात भरतं. छपरावर दीड मीटर थर म्हणजे चौरस मीटरला ४५० किलो. त्या भारानं दारावरची तुळई काही मिलिमीटर वाकते. ओंडक्यांच्या घरांत सुतार चौकटीच्या वर मोकळी जागा सोडून ती शेवाळानं किंवा लोकरीनं भरत, कारण ओंडके वाळले की भिंतच खाली बसते. आता तीच जागा कडक फोमनं किंवा सिमेंटनं ठासतात आणि छपराचा भार थेट चौकटीवर उतरतो.

हिमस्खलनाच्या वाटेवरच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. १९५०-५१ च्या हिवाळ्यानं आल्प्समध्ये हाहाकार केला आणि त्यानंतर धोक्याचे नकाशे पद्धतशीर तयार होऊ लागले. २३ फेब्रुवारी १९९९ ला ऑस्ट्रियातल्या गाल्ट्युर गावावर हिमस्खलन कोसळून ३१ जण गेले, आणि नकाशे पुन्हा तपासले गेले. अशा पट्ट्यात डोंगराकडच्या भिंतीला मोठी खिडकी पाडणं म्हणजे बर्फाला आत यायला वाट देणं. दृश्य कितीही सुंदर असो, ती भिंत बंदच राहावी किंवा तिथली झडप त्या जोराच्या हिशोबानं बांधलेली असावी.

नव्या चौकटीचा भिंतीशी जो सांधा असतो, त्याबद्दल जर्मन भाषिक देशांत एक नियम रुळला आहे: आतून बाहेरच्यापेक्षा जास्त घट्ट. आतल्या बाजूला वाफ अडवणारी पट्टी, मध्ये ऊबदार भरण, बाहेर पाऊस अडवणारी पण वाफ सोडणारी पट्टी. माळ्यावरच्या हिवाळी झडपांचं शहाणपण इथं दोन-तीन सेंटिमीटरच्या फटीत परत आलं आहे. नुसता फोम मारून वर प्लास्टर केलेल्या सांध्यात हे तिन्ही थर नसतात.

गेल्या काही वर्षांत जुनी जोडखिडकी पुरती न काढता फक्त आतल्या झडपेत लेपाची काच घालायची पद्धत वाढते आहे. बाहेरची जुनी झडप सैल तशीच राहते. दोन झडपांमधली हवा सीलबंद नसल्यामुळे दाबाचा प्रश्न तिथं मुळातच येत नाही. आतल्या झडपेची खाच जेमतेम एकेरी काचेपुरती असते, तिथं निर्वात काच बसते. तिचं पेटंट १९१३ मधलं, प्रत्यक्ष नमुना १९८९ मध्ये सिडनी विद्यापीठात तयार झाला, आणि १९९७ मध्ये जपानमध्ये ती विक्रीला आली. जाडी सहा ते आठ मिलिमीटर, दोन काचांमध्ये फटीएवढी पोकळी आणि त्या पोकळीत जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे उंचीवर फुगायलाही काही नाही. किंमत अजून जड आहे, आणि काचेच्या कडेला उष्णता निसटतेच, म्हणून ती झडपेच्या लाकडात खोलवर बुडवून बसवावी लागते.