भौतिकोपचाराचे लाभार्थी (ग्रामीण विदर्भ)

व्यायाम, हालचालींचे प्रशिक्षण, शेक आणि विद्युत उपकरणे यांच्या साहाय्याने शरीराची हालचाल टिकवणारी किंवा परत मिळवून देणारी उपचारपद्धती म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी. औषधे वा शस्त्रक्रिया होऊनही ज्यांचे उठणे-बसणे, चालणे किंवा हातचे काम अडून राहते, ते तिचे मुख्य लाभार्थी होत.

यांत लकव्याच्या रुग्णांचा विचार आधी करावा लागतो. ग्रामीण आरोग्यावर काम व संशोधन करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ग्रामीण भागात केलेल्या अभ्यासात मृत्यूचे सर्वाधिक आढळलेले कारण पक्षाघात हे होते. जे वाचतात त्यांच्यातील बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. त्यामुळे प्रकृती स्थिरावताच कूस बदलणे, आधाराने बसणे व उभे राहणे सुरू व्हावे लागते. खेड्यांत नेमका हा काळ पुष्कळदा केवळ तेलमालिशीत जातो. मालिशीने बरे वाटते, परंतु गेलेली हालचाल परत येण्यासाठी रुग्णाने स्वतः वारंवार प्रयत्न करावे लागतात. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवल्यास खांद्याला इजा होऊ शकते. म्हणून घरच्यांना उठवण्याची रीत शिकवणे हा उपचाराचाच भाग असतो.

कापूस वेचणी, निंदण आणि पूर्व विदर्भातील धानाची रोवणी ही तासन्‌तास वाकून करण्याची कामे आहेत, तर फवारणीचा पंप पाठीवर वाहावा लागतो. दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, अशी शंका येथे सहज निघते. मजुरीत मात्र तेच सांधे त्याच स्थितीत ताणले जातात, तर व्यायामात दुबळे स्नायू निवडून बळकट केले जातात. मांडीचे स्नायू सुधारल्यास झिजलेल्या गुडघ्याचे दुखणेही कमी होऊ शकते.

विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन खुबा निकामी होऊ शकतो. अशा रुग्णाला सौम्य व्यायाम उपयोगी पडतो, पण तीव्र वेदनेच्या झटक्यात किंवा शरीरातील पाणी कमी झाले असता श्रम टाळावे लागतात. कुष्ठरोगात बोटे आखडू नयेत, तसेच हाताच्या शस्त्रक्रियेनंतर पकड परत यावी, यासाठी हे उपचार आवश्यक ठरतात. मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने बिघडलेली हालचाल) बाधित बालके, प्लास्टर काढल्यावर सांधा आखडलेले रुग्ण आणि चुलीच्या धुराने दमलेल्या फुप्फुसांच्या स्त्रियाही लाभार्थींत मोडतात.

पाठदुखीसोबत ताप, पायांतील वाढती कमजोरी किंवा लघवीवरील ताबा सुटणे दिसल्यास व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी अनिवार्य आहे.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम किंवा सावंगी (मेघे) येथील रुग्णालयांत रोज जाणे दूरच्या मजुराला परवडत नाही, कारण प्रत्येक फेरीत रोजी बुडते. त्यामुळे खाट, भिंत आणि घरातील एका माणसाची मदत एवढ्यावर भागणारे मोजके व्यायाम शिकवून ठरावीक अंतराने पुन्हा तपासणे, ही येथे अधिक व्यवहार्य पद्धत ठरते.