वजाची रेघ वेगळी, ऋणाची रेघ वेगळी

सहावीत पूर्णांक संख्या सुरू झाल्या की ज्यांची साधी वजाबाकी केव्हाच पक्की झालेली आहे अशी मुलंही अडखळायला लागतात. फळ्यावर −३ − ५ लिहा आणि वर्गाला उत्तर विचारा. कुणी −८ म्हणेल, कुणी २, कुणी −२, आणि एखादा ८ म्हणेल. हा ८ वाला सगळ्यात ठाम असतो. "सर, मायनस मायनस प्लस होतंय की!" त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच आडव्या रेघेने लिहिलेल्या आहेत आणि त्या दोन आहेत हे त्याला कुणी नीट दाखवलेलं नाही.

त्यातली एक गोष्ट म्हणजे वजाबाकी. ही क्रिया आहे. तिला दोन संख्या लागतात, एक जिच्यातून वजा करायचं ती आणि दुसरी जी वजा करायची ती. दुसरी गोष्ट म्हणजे ऋण चिन्ह. ते एकाच संख्येचं असतं आणि ती संख्या शून्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढंच सांगतं. ९ − ४ मधली रेघ नऊ आणि चार या दोघांची आहे. −४ मधली रेघ एकट्या चाराची आहे, तिच्या डावीकडे काहीही नसलं तरी तिचं काही अडत नाही.

मग हा गोंधळ आधी का दिसत नाही? कारण सोप्या उदाहरणांत तो झाकला जातो. ९ − ४ घ्या आणि ९ + (−४) घ्या. पहिल्यात नवातून चार वजा केले, दुसऱ्यात नवात ऋण चार मिळवले. कामं वेगळी, उत्तर दोन्हीकडे ५. त्यामुळे मुलाने ती रेघ कशीही वाचली तरी पेपरात बरोबरची खूणच मिळते आणि शिक्षकांनाही कळत नाही की त्याच्या डोक्यात नेमकं काय चाललंय. ९ − (−४) आलं की मात्र दोन्ही रेघा शेजारी शेजारी येतात, आणि आजवर न लागलेला फरक पहिल्यांदा लागतो.

हा फरक दाखवायला कोल्हापुरात मला पंचगंगेइतकं चांगलं साधन दुसरं दिसत नाही. जुलै लागला, धरणक्षेत्रात पाऊस लागून राहिला की घराघरांत एकच प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर हाय?" बंधारा म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. ज्या घरांनी ते दिवस काढले त्यांच्यासाठी हे आकडे वहीतले नाहीत, म्हणून वर्गात ते जपूनच वापरायचे. पण फुटांची ती मोजपट्टी म्हणजे उभी केलेली संख्यारेषाच आहे, आणि ती मुलांच्या आधीपासून ओळखीची आहे.

आता एक बदल करायचा. नदीच्या पट्टीवरचा शून्य सोडून द्यायचा आणि धोका पातळीला शून्य म्हणायचं. पाणी ४७ फुटांवर असेल तर ते धोका पातळीच्या ४ फूट वर, म्हणजे +४. पाणी ३६ वर असेल तर ७ फूट खाली, म्हणजे −७. इशारा पातळी झाली −४. इथं जी रेघ आली ती ऋणाची. अजून आपण काहीही वजा केलेलं नाही, पाणी कुठं उभं आहे एवढंच नोंदवलं.

वजाबाकी येते ती दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहताना. आधी पाणी ३६ वर होतं, आता ४७ वर आहे. किती चढलं? आताच्या नोंदीतून आधीची नोंद वजा करायची. नेहमीच्या पट्टीवर ४७ − ३६ = ११. नव्या पट्टीवर तेच गणित ४ − (−७) असं दिसेल. पाणी तर तेच आहे, ११ फूटच चढलंय. म्हणजे ४ − (−७) चं उत्तर ११ आलंच पाहिजे. हे उत्तर नियम पाठ करून आलेलं नाही. उणे सातापासून शून्यापर्यंत सात फूट, शून्यापासून वर चार फूट, असे मिळून अकरा. ४ + ७ म्हणतात ते हेच.

पुढचं उदाहरण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर घाई करू नका. काल पाणी ३५ फुटांवर होतं, आज ३८ वर आहे. धोका पातळीच्या हिशेबात काल −८, आज −५. बदल किती?

−५ − (−८) = ३

पाणी ३ फूट चढलं. आता याच नोंदी उलट करा. काल ३८, आज ३५. मग बदल होईल

−८ − (−५) = −३

पाणी ३ फूट उतरलं. दोन्ही मांडण्यांत रेघा तितक्याच, त्याच जागी. दोन्हींत 'मायनस मायनस' शेजारी शेजारी आहेत. तरीही एक उत्तर धन आहे आणि दुसरं ऋण. 'मायनस मायनस प्लस' हे वाक्य उत्तराच्या चिन्हाबद्दल बोलतंय असं ज्यांना वाटतं त्यांना हे दोन शेजारी ठेवलेले हिशेब दाखवावेत. शेजारच्या दोन रेघांमुळे इतकंच होतं की (−५) वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. म्हणजे −८ + ५. त्या बेरजेचं उत्तर धन येईल की ऋण, हे दोन्ही संख्या किती मोठ्या आहेत त्यावर ठरतं.

एक गोष्ट मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. पाणी ४१ फुटांवर आहे असं धरा. धोका पातळीला शून्य मानलं तर ही नोंद −२. इशारा पातळीला शून्य मानलं तर तीच नोंद +२. थेंबभरही पाणी न हलता चिन्ह बदललं. पण दोन नोंदींमधला बदल मात्र कुठूनही मोजा, तेवढाच येतो. ४१ चं ४४ झालं तर धोका पातळीवरून १ − (−२) = ३, इशारा पातळीवरून ५ − २ = ३, आणि बंधाऱ्याच्या पट्टीवरून ४४ − ४१ = ३. शून्य सरकवला की प्रत्येक नोंदीतून सारखाच आकडा कमी-जास्त होतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. ऋण चिन्ह शून्य कुठं धरला त्यावर ठरतं आणि वजाबाकीचं उत्तर त्यावर ठरत नाही. या दोन रेघांमधला खरा फरक मी मुलांना असा सांगतो. व्याख्या नंतर पाठ केली तरी चालते.

आता पुन्हा −३ − ५ कडे. ३ च्या आधीची रेघ ऋणाची, कारण तिच्या डावीकडे काही नाही. मधली रेघ वजाची, आणि ५ धन आहे. पाणी धोका पातळीच्या ३ फूट खाली होतं, ते आणखी ५ फूट उतरलं, म्हणजे ८ फूट खाली. उत्तर −८. कुणी मधली रेघ पाचाला चिकटवून (−३) + (−५) असं वाचलं तरी उत्तर −८ च येईल, तेही वाचन चालतं. चालत नाही ते एकच, ती मधली रेघ दोनदा वापरणं. २ म्हणणारं मूल बहुतेक वेळा हेच करतं. एकदा वजा म्हणून घेतं, पुन्हा पाचाला ऋण करायला घेतं, आणि त्याच्या डोक्यात गणित −३ − (−५) होतं. कागदावर रेघा दोनच आहेत, त्याने मोजल्या तीन.

आणि ८ कुठून येतं? ते गुणाकारातून येतं. ऋण गुणिले ऋण धन, हा गुणाकाराचा नियम सातवीत शिकवतात. (−३) × (−५) = १५. तो नियम खरा आहे, पण त्याला तिथं गुणाकार लागतो. −३ − ५ मध्ये गुणाकार नाही. ज्या मुलांचं सहावीत व्यवस्थित चाललं होतं त्यांतलीही काही सातवीच्या मध्यावर बेरीज-वजाबाकी चुकायला लागतात, ती या नियमामुळे. नवीन नियम कानाला गोड लागतो, छोटा असतो, आणि जुन्या जागेवर जाऊन बसतो. म्हणून 'मायनस मायनस प्लस' हे तीन शब्द मी वर्गात वापरत नाही आणि घरीही वापरू नयेत असं पालकांना आवर्जून सांगतो. त्याऐवजी पूर्ण वाक्य म्हणायला लावावं: "ऋण संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची." लांब आहे, पण त्यात कोणती क्रिया चालू आहे ते ऐकू येतं.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आहेत. शून्यातून धन वजा केलं तर ऋण, शून्यातून ऋण वजा केलं तर धन, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी तो आणखी सुटसुटीत केला: वजा होणारं धन ऋण होतं, वजा होणारं ऋण धन होतं, मग बेरजेच्या नियमाने पुढं जायचं. आणखी एक बाब मला शिकवण्याच्या दृष्टीने मोलाची वाटते. त्यांच्या पद्धतीत ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. ते टिंब संख्येचं, वजाबाकीशी त्याचा संबंध नाही. आपण आज वापरतो ती रेघ छापील पुस्तकात आली ती १४८९ मध्ये, जर्मनीत योहानेस विडमान यांच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात, आणि तिथंही ती प्रामुख्याने माल ठरलेल्या मापापेक्षा किती कमी भरला हे दाखवायला होती. पुढं तीच वजाबाकीलाही जुंपली गेली.

दोन खुणांची सोय आजही करता येते. शिकण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत ऋण संख्या कंसातच लिहायची, (−३) − ५ अशी. किंवा दोन रंगांची पेनं घ्यायची, वजा निळ्याने आणि ऋण लाल. वाचतानाही वजाच्या रेघेला "वजा" आणि संख्येच्या रेघेला "ऋण" म्हणायचं, दोन्हींना "मायनस" म्हणायचं नाही. घरात वैज्ञानिक कॅल्क्युलेटर असेल तर मुलाला त्यावर दोन निरनिराळी बटणं दाखवा, एक नुसत्या रेघेचं आणि एक कंसातल्या रेघेचं. यंत्र बनवणाऱ्यांनाही ही दोन कामं वेगळी ठेवावी लागली आहेत.

'फरक' या प्रश्नाबद्दल थोडक्यात. "−७ आणि ४ यांत किती फरक?" याचं उत्तर ११, कोणतीही संख्या आधी घ्या. पण "−७ मधून ४ वजा करा" याचं उत्तर −११ आणि "४ मधून −७ वजा करा" याचं ११. शाब्दिक उदाहरणांत कशातून काय वजा करायचं ते आधी अधोरेखित करायची सवय लावली की इथं चूक होत नाही.

शेवटी एक मिसळलेलं उदाहरण मुलाबरोबर बसून सोडवा, पण उत्तर काढण्याआधी प्रत्येक रेघेवर बोट ठेवून तिचं नाव विचारा.

−६ − २ − (−९)

पहिली ऋण, दुसरी वजा, तिसरी वजा, चौथी ऋण. मग डावीकडून निघायचं. शून्याच्या ६ खाली, आणखी २ खाली, झाले −८. आता ऋण ९ वजा करायचे आहेत, म्हणजे ९ मिळवायचे. −८ + ९ = १. मुलाने १ सांगितलं पण तिसऱ्या रेघेचं नाव चुकवलं, तर ते उदाहरण आकडे बदलून पुन्हा द्या.