पॅकेजच्या सेटिंग्ज कमांड लाइनवरून बघणे

डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर (उबुंटू, मिंट त्यातच आले) पॅकेज (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाकताना विचारलेल्या प्रश्नांना काय उत्तरं दिली होती ते नंतर टर्मिनलवर काढून बघायची रीत. हे प्रश्न विचारून उत्तरं जपून ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे डेबकॉन्फ. मुख्य कमांड डेबकॉन्फ-शो, पुढे पॅकेजचं नाव, बास.

उगम : सुरवातीला प्रत्येक पॅकेज आपापल्या स्क्रिप्टमधून प्रश्न विचारायचं, तेही इन्स्टॉल अर्ध्यावर असताना, म्हणजे माणूस चहाला गेला की मशीन तिथंच अडून बसायचं. उत्तर कुठं लिहून ठेवायचं याला नियम नव्हता, त्यामुळे नंतर बघायचं कुठं हीही बोंबच. यावर विशर्ट अॅकरमन आणि जोई हेस यांचा कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा मसुदा आला आणि हेसने पर्लमध्ये लिहिलेला डेबकॉन्फ आला, साधारण १९९९ च्या सुमारास. आता सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या पॅकेजांत ‘रिक्वेस्ट’ नावाची स्क्रिप्ट आधीपासून होती, ती इन्स्टॉलच्या आधीच प्रश्न विचारून घ्यायची आणि उत्तरं फाइलीत ठेवता यायची, त्यामुळे कल्पना तिथूनच उचलली असं म्हणायचा मोह होतो, पण चेहरा मिळतो म्हणून नातं लावता येत नाही. डेबकॉन्फमध्ये प्रश्नाचा मजकूर, दिलेलं उत्तर आणि प्रश्न दाखवणारा फ्रंटएंड (म्हणजे समोरचा पडदा) हे तिन्ही वेगवेगळे ठेवलेत, रिक्वेस्ट स्क्रिप्टमध्ये सगळं एकाच भांड्यात, म्हणून उगम स्वतंत्र धरणं बरं. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स घराण्याच्या बाजूला उलटा विचार, तिथल्या आरपीएम पॅकेजने प्रश्नच विचारायचा नाही, त्यामुळे तिथं आरपीएम -क्यूसी मारलं की फक्त कॉन्फिग फाइलींची यादी येते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये चालतो तो सीडेबकॉन्फ, सी भाषेत नव्याने लिहिलेला. आणि डेबकॉन्फ हे डेबियनच्या परिषदेचंही नाव आहे (पहिली २००० साली बोर्दोत, २०२३ ची कोचीत), दोन्हींची गल्लत करू नये.

रजिस्ट्री की आठवण : खरा घोळ इथं आहे. डेबकॉन्फ उत्तरं ठेवतो तो डेटाबेस म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जची वही, विंडोजमधल्या रजिस्ट्रीसारखी, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. फाइली व्हारखालच्या कॅश फोल्डरमध्ये आहेत यातच काय ते समजावं, शिवाय पॅकेज बनवणाऱ्यांसाठीच्या मॅन पेजवर (टर्मिनलवरच्या माहितीपानावर) तर याला रजिस्ट्रीसारखं वापरू नका म्हणून बजावलेलंच आहे. खरी सेटिंग ईटीसीमधल्या फाइलीत असते, डेबकॉन्फला फक्त शेवटचं उत्तर आठवतं. लिस्बनहून नातेवाइकाने आणलेला डेबियनवाला लॅपटॉप घ्या, म्हापशात आल्यावर टाइमडेटसीटीएल कमांडने घड्याळ आशिया/कोलकाता केलं, तरी डेबकॉन्फ-शो टीझेडडेटा (टाइमझोनचं पॅकेज) मारलं की युरोप आणि लिस्बनच दिसणार. पुढे टीझेडडेटा अपग्रेड झालं की त्याची स्क्रिप्ट खरी फाइल वाचून जुळवून घेते, सगळ्याच पॅकेजांच्या स्क्रिप्टा इतक्या शहाण्या नसतात. (यादीत पणजी शोधत बसू नये, अख्ख्या देशाला कोलकाता एकच.)

आउटपुट वाचणे : ओळीच्या सुरवातीला तारा असेल तर तो प्रश्न विचारून झालाय, नसेल तर समोरची किंमत (व्हॅल्यू) बहुतेक डिफॉल्ट. असं का होतं तर प्रश्नांना लो, मीडियम, हाय, क्रिटिकल अशा पायऱ्या असतात आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये हायच्या खालचे विचारलेच जात नाहीत. ते बघायचे तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर. गोव्यातल्या शाळेच्या लॅबमध्ये मराठी आणि कोंकणी दोन्ही लागतात, तिथं डेबकॉन्फ-शो लोकेल्स (लोकेल म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग) मारलं की मराठीचा एमआर_आयएन आणि कोंकणीचा केओके_आयएन दोन्ही एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन दिसायला हवेत. अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये यूटीएफ-८ दोनदा लिहिलेलं असतं आणि आपल्यात एकदाच, ती चूक नव्हे, आपल्या लोकेलांना दुसरं एन्कोडिंगच नाही. कोंकणीचा लोकेल देवनागरीतला, रोमी (रोमन लिपीतली कोंकणी) लिहिणाऱ्यांना महिन्यांची नावंसुद्धा देवनागरीतच मिळतात.

साध्या युजरने कमांड चालवली तर पासवर्डची फाइल उघडता आली नाही अशी कुरकुर येते, कारण ती फाइल फक्त रूटला (अॅडमिन युजरला) वाचता येते. बाकीचं दिसतं, घाबरायचं कारण नाही.

संबंधित कमांड : सगळ्या पॅकेजांची उत्तरं एकदम हवी तर डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स, ती डेबकॉन्फ-युटिल्स या वेगळ्या पॅकेजात आहे, ते आधी टाकावं लागतं. प्रत्येक ओळीत मालक पॅकेज, प्रश्न, प्रकार, किंमत असे चार रकाने, आणि हेच डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सला भरवून दुसरं मशीन तसंच बसवता येतं. जे पॅकेज टाकायचंच नाही त्याची उत्तरं मात्र भरू नयेत, ती डेटाबेसमध्ये चिकटून राहतात. पॅकेज उतरवून बसवणाऱ्या एपीटीच्या स्वतःच्या सेटिंग्ज इथं सापडत नाहीत, त्यांना एपीटी-कॉन्फिग डम्प.